खांबावरचा पगार

मामा जेवायला आला आणि वायरमनशी त्याची जुंपली नाही, असा रविवार त्या घराने पाहिला नव्हता. मामा म्हणजे वायरमनच्या बायकोचा धाकटा भाऊ. स्वतःचा छापखाना, तीन कामगार, जिभेला धार आणि धंद्याला कायम ओहोटी. पहिल्या घासालाच तो सुरू करायचा, "काय भावोजी, या खेपेला किती वाढला पगार? आमच्याच करातून हो!" मग वायरमन पाण्याचा घोट घेऊन ठरलेलं उत्तर द्यायचा, "मामा, मला खांबावर चढायचे पैसे मिळत नाहीत. सुखरूप उतरायचे मिळतात. चढायला काय, माकडही चढतं." सगळे हसायचे.

त्या रविवारीही मामाने तोच सूर लावला. "माझ्याकडची पोरं दिवसभर मशिनपाशी उभी असतात. तुमच्या एका पगारात तिघंही बसतील, वर चहाला उरतील. दवाखाना फुकट, म्हातारपणी पेन्शन, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर पोराला नोकरी. सांगा ना भावोजी, असं काय सोनं पिकवता तुम्ही तिथे वर?"

वायरमनची बायको, घरातली बाई, हसायच्या तयारीत होती. पण वायरमनने हातातला घास ताटात ठेवला.

"खरं आहे मामा तुमचं," तो म्हणाला. "माझ्या पगारात माझ्यासारखे तीन येतात. त्यातला एक तर इथेच जेवतोय."

त्याचा लेक मान खाली घालून जेवत होता. तोही वायरमनच. बापाच्याच खात्यात, बापाच्याच खांबांवर, पण ठेकेदाराच्या हाताखाली. खात्याने नवी भरती बंद करून टाकली होती. काम तेच, तारा त्याच, विजेला तर माणूस कोणाच्या हजेरीवर आहे हे कळत नाही. पगार मात्र बापाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, तोही ठेकेदाराच्या मर्जीने.

मामाचं हसू ओठातच विरलं. "अहो, गंमत केली मी."

"मी नाही केली," वायरमन म्हणाला आणि हात धुवायला उठला.

बाईला ते खटकलं. का ते तिला सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत हा माणूस तिच्या भावापुढे कधी हरला नव्हता. तापाने फणफणलेला असतानाही अंथरुणातून उत्तर दिलं होतं त्याने. आणि आज त्याने लढाईच्या आधीच शस्त्रं खाली ठेवली.

तिला गल्लीत सगळे वायरमनीणबाई म्हणत. लग्न झालं तेव्हापासून भीती तिच्या घरातच राहायला होती, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी. नवरा खांबावर असताना कुठे काही पडल्याचा आवाज झाला की तिचा हात थांबायचा. पण ती भीती ओळखीची होती. तिच्याशी कसं नांदायचं, हे बाईला पाठ होतं. ही नवी भीती कुठल्या दाराने आत आली, तेच तिला कळेना.

त्यानंतरच्या आठवड्यात वायरमन बिलं भरायच्या कार्यालयातून घरी आला तो खुशीत. "अगं, आपल्या उंच्याची पोरगी भेटली." उंच्या म्हणजे त्याच्या बरोबरचा एक सहकारी, मागच्या साली कामावर असताना तारेला चिकटून गेलेला. "त्याच्या जागी तिला घेतलंय. पंख्याखाली खुर्ची, समोर कॉम्प्युटर. मला म्हणाली, काका बसा, पाणी देऊ? कशी टवटवीत दिसत होती."

"बाप गेला तिचा," बाई म्हणाली.

"गेलाच. पण पोरीचं भलं करून गेला." तो पायातले बूट सोडत होता, मान वर न करता बोलला. "नोकरीत असताना जायलाही नशीब लागतं. निवृत्त झाल्यावर मेलं तर नुसता माणूस मरतो."

"जिभेला काही हाड आहे का तुमच्या?"

"विषय निघाला म्हणून बोललो."

त्याच्या निवृत्तीला मोजके महिने उरले होते. ते महिने बाई आजवर आनंदाने मोजत होती. त्या संध्याकाळपासून तिला वाटू लागलं, हाही मोजतोय. पण भलत्याच हिशेबाने.

मग कपडे धुताना त्याच्या खाकी शर्टाच्या खिशात तिला पांढरा लगदा सापडला. तिने तो बोटांवर घेऊन चोळला, वास घेतला. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. रोज सकाळी ती स्वतःच्या हाताने त्याच्या तळहातावर ठेवायची ती गोळी. तो पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचा, मान मागे टाकायचा, "झालं बाई" म्हणायचा. आणि गोळी खिशात.

नळ तसाच वाहत राहिला. बाई मोरीत बसून राहिली.

विचारायचं कसं? "अहो, तुम्ही मरायच्या खटपटीला लागलाय का?" असा प्रश्न नवऱ्याला तोंडावर कसा विचारणार? आणि तो "हो" म्हणाला तर? न विचारलेलं निदान झाकलेलं तरी राहतं. दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी कुटून त्याच्या चहात घालायला सुरुवात केली, आणि तळहातावर खडूसारखी दिसणारी पचनाची गोळी ठेवू लागली. तो ती खिशात टाकत राहिला. दोघंही एकमेकांना फसवत राहिली आणि दोघंही वरवर हसत राहिली.

पण चहात गोळी घालून माणूस खांबावर सांभाळता येत नाही. तो हल्ली स्वतः चढत होता. त्याच्या वयाचे, त्याच्या हुद्द्याचे लोक खाली उभे राहून बोट दाखवतात. वर ठेक्याची पोरं जातात. हे लेकानेच एकदा कुरकुरत सांगितलं. "बाबांना काय झालंय कळत नाही. मी पट्टा बांधेपर्यंत ते अर्ध्यावर पोचलेले असतात. कमरेला पट्टाही नसतो. सगळी पोरं हसतात, म्हणतात, म्हाताऱ्याला पगार पचत नाही."

बाईने लेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खरंच वैतागला होता. तरीसुद्धा तिच्या मनात एक घाणेरडा विचार पालीसारखा सरकून गेला: याला ठाऊक तर नाही ना? ठाऊक असून हा गप्प तर नाही ना? तिला स्वतःची शिसारी आली. स्वतःच्या पोटच्या पोराबद्दल असं वाटतं कुणाला?

आणि त्याच आठवड्यात लेकाला बघायला मुलीकडची माणसं आली. मुलीचे वडील पोटभर बोलले, घर पाहिलं, पंखा किती वेगाने फिरतो तेही पाहिलं. उठता उठता म्हणाले, "बाकी सगळं छान आहे. मुलगा पर्मनंट आहे ना?"

वायरमनने लेकाकडे पाहिलं. लेकाने पाहुण्यांकडे पाहिलं. तो म्हणाला, "होईल."

एवढं साधं उत्तर. पण बाईच्या मनात ते अडकून बसलं. होईल म्हणजे? कसा होईल? वाट कोणती उरली होती? तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं, तर तो हसत होता. शांत, समाधानी, एखादं काम हातावेगळं होत आल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ती भावाच्या छापखान्यात गेली. मशिन खडखडत होतं, शाईचा वास कोंदला होता. मामा आधी हसला. "ताई, तू पण ना! एवढा पगार सोडून कोण मरेल?" मग तिने त्याला खिशातल्या लगद्याचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं. मामाने मशिन बंद केलं. एकदम एवढी शांतता झाली की बाईला आणखीच भीती वाटली.

"माझ्यामुळे?" त्याने विचारलं.

"तुझ्या एकट्याच्या बोलण्याने कोणी मरत नाही. पण तू इतकी वर्षं का टोचत होतास त्यांना?"

मामा एका रिकाम्या खोक्यावर बसला. "तुला माहीत नाही ताई. ज्या भरतीत भावोजी लागले, त्याच भरतीला मीही गेलो होतो. घरी कुणाला सांगितलं नाही. पेपर झाला, तोंडी झाली. मग मैदानात नेलं आणि म्हणाले, या खांबावर चढून दाखवा. मी निम्म्यावर गेलो आणि खाली पाहिलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला उतरवायला वर माणूस पाठवावा लागला. तेव्हापासून त्यांचा पगार ऐकला की मला तो खांब आठवतो. मी चढलो असतो तर तो पगार माझा होता, एवढंच माझं दुखणं. त्यांनी तो कमावला नाही, असं मला एकदाही वाटलं नाही गं."

"मग हे त्यांना सांग."

"सांगतो. येत्या रविवारी सांगतो."

पण त्या रविवारी जेवण झालंच नाही.

आदल्या रात्री वाऱ्याने धुमाकूळ घातला. सकाळी अर्ध्या वस्तीत वीज नव्हती, झाडाच्या फांद्या तारांवर लोंबत होत्या. लेकाला ठेकेदाराची जीप पहाटेच घेऊन गेली. वायरमनची सुट्टी होती. तरी तो बूट घालू लागला.

"तुम्हाला कोणी बोलावलंय?"

"माणसं कमी आहेत. आलोच."

तो गेला. तासाभराने बाई बाहेरच्या खोलीत केर काढायला आली आणि तिला खुंटीवर त्याचे रबरी हातमोजे दिसले. नेहमीच्या जागी, नीट, बोटं खाली करून टांगलेले. विसरलेली वस्तू अशी दिसत नाही. बाईने केरसुणी टाकली, मोजे पदराखाली घेतले आणि पायात काय घातलंय हेही न बघता निघाली.

कुठे काम चाललंय हे शोधावं लागलं नाही. जिथे गर्दी तिथे खांब. चौकात बेकरीसमोर पन्नासेक माणसं माना वर करून उभी होती. "सकाळपासून लाइट नाही, आणि पगार बघा यांचे," कोणीतरी म्हणत होतं. दुसरा म्हणाला, "आरामात चाललंय. सरकारी काम."

वायरमन वर होता. उघड्या हातांनी. कमरेला पट्टा नव्हता. एका हाताने त्याने खांब धरला होता आणि दुसऱ्या हाताने तारेवर अडकलेली फांदी दूर करत होता. तारेत आणि त्याच्या हातात वीतभर अंतर असेल, नसेल.

बाईच्या घशात हाक आली आणि तिने ती तिथेच गिळली. वर असलेल्या माणसाला कधी दचकवू नये. हे त्यानेच तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ती मोजे छातीशी धरून नुसती उभी राहिली.

खांबाखाली लेक होता. त्याच्या हातात लांब काठी होती, तिच्या टोकाला आकडा आणि आकड्यापासून जमिनीत ठोकलेल्या सळईपर्यंत जाड वायर. लाइन बंद असली तरी काम करण्याआधी ही वायर तारांना अडकवायची, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसात न जाता जमिनीत जाते. "बाबा, थांबा!" तो हळू पण घट्ट आवाजात बोलत होता. "अर्थिंग लावलेलं नाही अजून. हात लावू नका."

"लाइन बंद आहे," वरून आवाज आला. "सबस्टेशनला सांगितलंय मी."

"तरी थांबा."

"तू बाजूला हो."

आणि तेवढ्यात बेकरीच्या मागच्या बाजूला काहीतरी खोकलं, दोनदा गुरगुरलं आणि धडधडायला लागलं. जनरेटर.

गर्दीतल्या कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. पण बाईला त्याचा अर्थ कळला. दुकानातली जोडणी घाईघाईने केलेली असली तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर येते आणि बंद तारेत शिरते. उंच्या तसाच गेला होता. तिने लेकाकडे पाहिलं. त्यालाही आवाज ऐकू आला होता. त्याने काठी उचलली होती. बाई वळली आणि बेकरीकडे धावली.

बेकरीवाला दारातच उभा होता. तिने त्याची बाही धरली. "बंद करा! जनरेटर बंद करा!"

"का म्हणून? माझा माल नासतोय आत. त्यांचा पगार चालूच राहणार, माझं नुकसान कोण—"

मागे फाड्‌दिशी आवाज झाला. चौकभर निळा उजेड पडला, बेकरीच्या काचेवर बाईला तो दिसला. जनरेटर गचकन बंद पडला. गर्दीतून एक मोठा "आई गं" उठला आणि मग काहीच नाही.

बाई वळली नाही. तिला वळताच येईना. मागे काहीतरी झालं होतं; नवऱ्याला की लेकाला, हे वळल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि वळेपर्यंत दोघंही जिवंत होते. बेकरीवाल्याचं तोंड पांढरं पडलं होतं. ती त्याच्या तोंडाकडेच बघत राहिली.

मग खांबावरून एक आवाज आला. तिच्या नवऱ्याचा, पण तिने तो असा कधीच ऐकला नव्हता. तो लेकाला हाक मारत होता, लहानपणीच्या नावाने.

लेक रस्त्यावर पाठीवर पडला होता. काठी बाजूला, आकडा तारेला अडकलेला आणि अजून धुरकटणारा. तारेत वीज होती. ती आकड्यातून जमिनीत गेली. उडालेल्या ठिणग्यांनी त्याचा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्याच्या हातातही मोजे नव्हते. ठेकेदार सहा जणांत एक जोड द्यायचा. बाई पोचली तेव्हा तो डोळे उघडून वर बघत होता. "बाबा उतरले का?" त्याने विचारलं.

वायरमन उतरत होता. आयुष्यभर माकडासारखा चढला-उतरलेला तो माणूस एकेक पाय चाचपत खाली आला. शेवटच्या टप्प्यावर दोघांनी त्याला धरलं. तो लेकाजवळ रस्त्यातच बसला आणि त्याचा भाजलेला हात आपल्या मांडीवर घेऊन रडायला लागला. गर्दीतल्या लोकांना काही कळेना. पगारावर बोलणारा माणूस हळूच मागे सरकला.

"याला काही झालं असतं तर," वायरमन बाईला म्हणत होता, "याला तर काहीच मिळालं नसतं गं. कुणालाच काही नाही. मी काय करून बसलो होतो?"

"काय करायला चढला होतात?" लेकाने विचारलं. मग त्याने आईच्या हातातले मोजे पाहिले, बापाच्या उघड्या हातांकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. तिथे, रस्त्यात, त्याचा चेहरा बदलत गेला तो बाईने पाहिला. त्याच्याबद्दल तिच्या मनात जे सरकून गेलं होतं त्याची तिला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की तिने त्याच्या कपाळावर डोकं टेकवलं.

"तुमच्या प्रेतावर पाय देऊन मला खुर्चीत बसायचं नाही बाबा," तो म्हणाला. "पाहुण्यांना होईल म्हणालो ते तोंड लपवायला. दुसरं काय सांगणार होतो?"

हात बरा व्हायला बराच वेळ लागला. ठेकेदाराने सुट्टी दिली, पगार दिला नाही. वायरमनच्या दवाखान्याच्या सवलतीत कमावता मुलगा बसत नव्हता. मामाने न विचारता औषधाचे पैसे भरले आणि कोणी काही बोलू लागलं की "छपाईचं बिल आलं होतं" असं खोटं सांगू लागला.

बाईने नवऱ्याला साहेबांसमोर नेऊन उभं केलं. रक्तदाबाचा त्रास आहे, खांब झेपत नाही, असं त्याच्याकडून वदवून घेतलं. साहेबांनी उरलेले महिने त्याला तक्रारींच्या फोनपाशी बसवलं. लाइट कधी येईल, एवढ्याच प्रश्नाला उत्तर द्यायचं. पगार तेवढाच.

पुढच्या एका रविवारी मामाने आपली भरतीची गोष्ट सांगितली. खाली मान घालून, खांबाच्या निम्म्यापर्यंत. वायरमनने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता मात्र बोला मामा. आता मी खरंच बसून खातो."

"खा हो भावोजी," मामा म्हणाला. "चढून झालंय तुमचं."

तो निवृत्त झाला. हातीपायी धड, गोळ्या वेळेवर, पेन्शन सुरू. ज्या दिवसाआधी काही होईल म्हणून बाई इतकी घाबरली होती, तो दिवस आला आणि काही न होता गेला. मुलीकडच्यांनी नकार कळवला; पुढे दुसरी एक आली, तिने पर्मनंटचं विचारलं नाही. लेक मात्र अजून ठेकेदाराकडेच आहे. वायरमनने त्याला स्वतःच्या पैशाने मोजे आणि पट्टा घेऊन दिलाय. स्वतः वायरमन रोज लेकाबरोबर जातो, खांबाखाली उभा राहतो, अर्थिंग लावलं की नाही बघतो. ठेकेदार म्हणतो, "काका, तुम्हाला याचे पैसे मिळणार नाहीत." तो म्हणतो, "माहीत आहे."

बाई घरी असते. लाइट गेली की गल्लीत आरडाओरडा होतो, पण तिला थोडं बरं वाटतं: तारा बंद आहेत, लेक वर आहे, तोवर ठीक. मग केव्हातरी पंखा गरगरतो, शेजारची पोरं "आली रे आली" म्हणून ओरडतात. बाई हातातलं काम तसंच ठेवून फोनपाशी येऊन बसते. लेक खाली उतरल्यावर लाइट चालू केली की त्याआधीच, हे कोणीतरी तिला सांगेपर्यंत ती तिथून उठत नाही.